रेघ कोठे तोडावी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, विडी कामगारांत तीस वर्षे काढलेला माणूस आहे, तर संपाच्या आणि मोर्चाच्या चार गोष्टी सांगेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा संपाचा विषय मला सोपा गेला असता. पण आज मी निराळा विषय घेतला आहे. आलेखावर, म्हणजे आपण ज्याला ग्राफ म्हणतो त्याच्यावर, जी रेघ नको असताना उमटते तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे. आणि ती उमटू नये म्हणून माणसांनी गेल्या अडीचशे वर्षांत काय काय केले तेही सांगावयाचे आहे. विषय कोरडा वाटेल. परंतु या एका रेघेपायी आमची एक बैठक वाया गेली, आणि तेव्हापासून मी तिच्या मागे लागलो.

गोष्ट २०२२ सालच्या पावसाळ्यातली. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीची बोलणी चालू होती. आमचे म्हणणे साधे होते: महागाई वाढली, भत्ता वाढवा. मी ठरवले की, या वेळी तोंडी न बोलता आलेख काढून भिंतीवर लावावा. आमच्या एका विडी कामगार बाईंचा मुलगा पॉलिटेक्निकमध्ये शिकत होता. त्याने संगणकावर काम करावयाचे कबूल केले. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आम्ही घेतला. अखिल भारतीय, मुंबई, नागपूर आणि सोलापूर असे चार संच. जानेवारी २००१ पासून डिसेंबर २०२१ पर्यंत, दर महिन्याचा एक आकडा. मुलाने रात्री बसून सगळे आकडे एकाखाली एक भरले आणि पायथन नावाच्या संगणकी भाषेत चार ओळी लिहून आलेख काढला. सकाळी बैठक होती. छापलेला कागद मी नीट न पाहताच भिंतीवर चिकटवला. चूक माझीच.

आलेखात दोन प्रकारचे विचित्र पाहावयास मिळाले. पहिले असे की, चार वक्ररेषांच्या आरपार तीन लांब तिरप्या रेघा उजवीकडून डावीकडे धावत होत्या. दुसरे असे की, प्रत्येक वक्ररेषा दोन ठिकाणी कडा कोसळावा तशी खाली पडत होती; एकदा २००६ च्या आरंभी आणि एकदा २०२० च्या सप्टेंबरात.

मालकांच्या बाजूचे एक गृहस्थ उठले, चष्मा लावला आणि त्या पडत्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "तुमच्याच कागदावर भाव निम्म्याच्याही खाली आलेले दिसतात. तेव्हा तुम्ही मजुरी कमी करून मागितली होती काय?" सगळे हसले. मला उत्तर सुचले नाही. मागे बसलेल्या आमच्या एक वयस्कर बाई तेवढ्या बोलल्या, "रेघ खाली गेली म्हनता जी साहेब, मंग तेल काहून नाही गेलं खाली?"

बाईंचा प्रश्न बरोबर होता. तेल उतरले नव्हते, डाळ उतरली नव्हती. तरीही रेघ उतरली होती. मग ती काढली कोणी?

बैठक पुढच्या तारखेवर गेली. रात्री तो पोरगा खालच्या मानेने माझ्याकडे आला. म्हणाला, "काकाजी, मी काही खोटं नाही भरलं." मी त्याला म्हटले, बस, आपण दोघे मिळून शोधू. आणि मग आम्हाला कळले ते असे. त्याने यंत्राला सांगितले होते की, हे ठिपके घे आणि ज्या क्रमाने दिले आहेत त्या क्रमाने जोड. यंत्राने तेच केले. अखिल भारतीय मालिका डिसेंबर २०२१ ला संपली. त्याच्या खालचा आकडा मुंबईचा, जानेवारी २००१ चा. यंत्राला मुंबई कोठली आणि भारत कोठला हे ठाऊक नाही. त्याने डिसेंबर २०२१ पासून निघून वीस-एकवीस वर्षे मागे जाणारी रेघ ओढली. मुंबई संपून नागपूर आले तेव्हा पुन्हा तेच, आणि सोलापूर आले तेव्हा पुन्हा तेच. त्या झाल्या तीन तिरप्या रेघा.

आमच्या धंद्यात ही गोष्ट कोणालाही समजेल. विडी वळली, तोंड मोडले, दोरा गुंडाळला की बाई दोरा तोडते. दोरा न तोडता तिने पुढची विडी घेतली तर संध्याकाळी हजार विड्या सुपात पडण्याऐवजी हजार विड्यांची एक माळ होईल. दोरा तोडावयास कोणी सांगत नाही. हाताला ते ठाऊक असते. यंत्राच्या हाताला ते ठाऊक नसते. त्याला प्रत्येक वेळी सांगावे लागते.

लेखणी न उचलण्याचा मोह मात्र यंत्रापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि आपल्या महाराष्ट्राला तर तो फारच जवळचा. आपली मोडी लिपी पाहा. ती हेमाडपंताने आणली अशी परंपरा आहे. बोरू हातात घेतलेला कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेखाली अक्षरे लिहीत जाई. बोरू शक्य तितका कमी उचलावा म्हणून अक्षरांना गोलाई आली. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे दाखवणारी मोकळी जागा तीत नसे. लिहिणाराचा वेळ वाचे, वाचणाराचा जाई. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, ज्यात आपला भंडाराही होता, दप्तराचे कागद या लिपीत लिहिले गेले. आज ते वाचावयास बसणाराला पहिली अडचण येते ती शब्द तोडण्याची. ज्याने लिहिले त्याला शब्द ठाऊक होते म्हणून त्याने तोडले नाहीत. ज्याला ठाऊक नाहीत त्याच्या वाट्याला ते तोडण्याचे काम आले. आमच्या भिंतीवरच्या कागदाचे हेच झाले होते. मुलाला कोठे भारत संपतो ते ठाऊक होते. कागदाला ते ठाऊक नव्हते.

भोसल्यांच्या दप्तरात मोडी कागद लिहिले जात होते त्याच काळात, १७८६ साली, लंडनमध्ये विल्यम प्लेफेअर नावाच्या गृहस्थाने व्यापाराच्या आकड्यांचे एक पुस्तक काढले. आज आपण वर्तमानपत्रात पाहतो तो चढत्या-उतरत्या रेघेचा आर्थिक आलेख या पुस्तकापासून चालू झाला असे मानतात. प्लेफेअर हा स्कॉटलंडचा. वाफेच्या एंजिनाचा सुधारक जेम्स वॅट याच्या हाताखाली त्याने नकाशे काढण्याचे काम केले होते. म्हणजे तोही एका अर्थी कारखान्यातून आलेला माणूस. एका चौकटीत त्याने दोन वक्ररेषा काढल्या, एक आयातीची आणि एक निर्यातीची. प्रत्येक रेघेच्या अंगावर तिचे नाव लिहिले आणि दोन रेघांमधली जागा रंगवली. वर्षे डावीकडून उजवीकडे जात. आयातीची रेघ उजव्या कडेला पोचली की हात उचलावयाचा, परत डाव्या कडेला यावयाचे आणि निर्यातीची रेघ निराळी सुरू करावयाची. हाताने काढणाराला हे सांगावे लागत नाही, म्हणून त्याने ते कोठे लिहूनही ठेवले नाही.

परंतु त्याच पुस्तकात एक चित्र असे आहे की, ते पाहून मला त्या माणसाविषयी आदर वाटू लागला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे त्याच्याजवळ एकाच वर्षाचे होते, १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतचे. सतरा ठिकाणांशी झालेला व्यापार, पण वर्ष एकच. एका ठिपक्याला जोडावयास दुसरा ठिपका नाही. त्याने काय केले? रेघ काढलीच नाही. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळे आडवे दांडे काढले. हे चित्र काळ दाखवीत नाही म्हणून कमी उपयोगाचे आहे अशी त्याची स्वतःची समजूत होती. पण आज दांड्यांचा आलेख म्हणून जो शाळेत शिकवतात त्याचा हा पूर्वज. रेघ ओढण्याइतके ज्ञान आपल्याजवळ नाही हे एका माणसाने कबूल केले, आणि त्या कबुलीतून जगाला एक नवे साधन मिळाले.

हाच प्लेफेअर म्हातारपणी, १८२१ साली, एक आलेख काढून दाखवतो: गव्हाचा भाव आणि चांगल्या कारागिराची आठवड्याची मजुरी, १५६५ पासून अडीचशे वर्षांची. गव्हाचे उभे स्तंभ आणि मजुरीची रेघ. त्यावरून तो सांगतो की, मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी इतका स्वस्त नव्हता. मी कामगारांचा माणूस. मला हा आलेख पाहताना दोन शंका येतात. एक, यात चांगला कारागीर आहे, शेतमजूर नाही. दुसरी, मजुरीची रेघ फार गुळगुळीत आहे. कोणत्या वर्षाची मजुरी खरोखर हाती होती आणि कोठे नुसता हात पुढे सरकला, हे रेघेकडे पाहून कळत नाही. ज्या हाताने एकदा रेघ आवरली होती त्याच हाताने दुसऱ्यांदा ती सोडली. मनुष्यस्वभाव असाच आहे; माझाही आहे, ते पुढे सांगतो.

एका कागदावर पुष्कळ रेघा आणि त्यातली एकही दुसरीला जोडावयाची नाही, अशी गरज सर्वांत जास्त कोणाला पडली असेल तर ती आगगाडीला. आपल्या भागात बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली आली. भंडारा रोडचे स्टेशन वरठीला, आणि पुढे तुमसर रोडहून तिरोडीकडे मँगनीजच्या पट्ट्यात जाणारा फाटा. गाड्यांच्या नियंत्रण कचेरीत एक मोठा आलेख असे. आडवा काळ, उभी स्टेशने. गाडी चालली की तिरपी रेघ, गाडी थांबली की आडवी. एकेरी मार्गावर दोन रेघा एकमेकींना जेथे छेदतील तेथे स्टेशन असलेच पाहिजे, नाहीतर अपघात ठरलेला. फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात पॅरिस ते लिआँ मार्गाचा असा आलेख छापला आणि तो जगभर प्रसिद्ध झाला.

आता विचार करा. एक गाडी तिरोडीला संपली. दुसरी गाडी त्यापूर्वी सकाळी तुमसर रोडहून निघाली आहे. पेन्सिल न उचलता पहिल्या रेघेचे टोक दुसरीच्या आरंभाला जोडले तर कागद सांगेल की, गाडी संध्याकाळी तिरोडीहून निघून त्याच दिवशी सकाळी तुमसरला पोचली. रेल्वेचा बाबू असे कधी करणार नाही, कारण त्याच्या रेघेवर माणसांचे जीव आहेत. आमच्या आलेखातल्या तिरप्या रेघा नेमके हेच सांगत होत्या. फक्त तेथे कोणाचा जीव जाणार नव्हता, नुसती मजुरी जाणार होती, म्हणून कोणी घाबरले नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या खोट्या रेघेकडे येतो, कारण बैठक बुडाली ती तिच्यामुळे. तिच्यासाठी आपल्याला मुंबईला जावे लागेल. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी स्थापन केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून 'लेबर गॅझेट' मासिक निघू लागले. कामगाराच्या घरात लागणाऱ्या वस्तूंचा भाव घ्यावयाचा, जुलै १९१४ चा खर्च शंभर मानावयाचा आणि आज तोच संसार चालवावयास किती लागते ते सांगावयाचे, अशी ती योजना. पुढे कामगारांच्या चौकश्या नव्याने झाल्या आणि जून १९३४ ला संपणारे वर्ष शंभर मानले गेले. शंभर कोठे ठेवावयाचे हे असे मधून मधून बदलावेच लागते. कारण घरात कंदिलाचे तेल जाऊन विजेचे बिल येते, आणि जुनी यादी निरुपयोगी होते.

पण सांध्याची जागा नेहमीच नाजूक असते. मुंबईच्या निर्देशांकावर कामगारांचा विश्वास उडाला तेव्हा मोठे आंदोलन झाले, आणि १९६३ साली राज्य सरकारला प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. निर्देशांक असावयास हवा त्यापेक्षा कमी दाखवला जात होता, असा निष्कर्ष त्या समितीने काढला. आकड्याच्या पोटात काय आहे हे विचारण्याचा हक्क गिरणी कामगारांनी तेव्हा मिळवून ठेवला. आपण तो वापरत नाही, ही गोष्ट निराळी.

आज अखिल भारतीय आकडा केंद्र सरकारच्या श्रम ब्यूरोकडून येतो. त्याचे पायाभूत वर्ष १९६० होते; मग १९८२ झाले, मग २००१, आणि आता २०१६. प्रत्येक वेळी शंभर नव्याने मांडला गेला. डिसेंबर २००५ चा निर्देशांक १९८२ च्या पायावर ५५० होता. पुढच्या महिन्यात, जानेवारी २००६ ला, नवा पाया आला आणि आकडा निघाला ११९. ऑगस्ट २०२० ला २००१ च्या पायावर ३३८. सप्टेंबरात २०१६ च्या पायावर ११८.१. आमच्या पोराने हे आकडे एकाखाली एक लिहिले, यंत्राने जोडले आणि मालकांच्या गृहस्थांना भाव पडलेले दिसले.

खरे काय झाले होते? नव्या आकड्याला जुन्या मापात आणण्यासाठी सरकार एक गुणक देते. त्याला लिंकिंग फॅक्टर म्हणतात. १९८२ वरून २००१ वर येताना तो ४.६३ होता, २००१ वरून २०१६ वर येताना २.८८. ११९ ला ४.६३ ने गुणा: ५५१ येतात. म्हणजे त्या महिन्यात महागाई एका अंशाने वाढली होती. ११८.१ ला २.८८ ने गुणा: ३४० येतात. म्हणजे तेव्हाही दोन अंशांनी वाढ. कागदावर जेथे कडा कोसळला होता तेथे बाजारात चढण होती. ज्याने मण आणि किलो एकाच रकान्यात लिहिले त्याला पीक बुडाल्याचा भास व्हावा, तसा हा प्रकार.

१९६० वरून १९८२ वर येताना गुणक ४.९३ होता. तिन्ही गुणक एकमेकांनी गुणले तर सुमारे ६५.७४ होतात. म्हणून सप्टेंबर २०२० चा ११८.१ हा आकडा १९६० च्या मापात सुमारे ७,७६४ भरतो. कामगाराच्या ज्या संसाराला १९६० साली शंभर रुपये लागत, त्याला साठ वर्षांनी पावणेआठ हजार लागू लागले. ही खरी रेघ. ती एकदाही कड्यावरून पडत नाही.

तेव्हा उपाय दोन निघतात, आणि त्यांच्यात गल्लत करू नये. माप बदलले असेल तर एक तर दोन्ही तुकडे एका मापात आणून मगच जोडावे, नाहीतर रेघ तेथे तोडून नवा पाया सुरू झाल्याची खूण करावी. आणि दोन वेगळ्या वस्तू असतील, जशी मुंबई आणि नागपूर, तर त्यांना जोडणारा गुणक कोणताच नाही. तेथे लेखणी उचललीच पाहिजे.

यंत्राला लेखणी उचलावयास माणसांनी कसे शिकवले, हा भाग मला सर्वांत मौजेचा वाटला. १९५९ साली अमेरिकेत कॅलकॉम्प कंपनीने संगणकाला जोडण्याचे रेघा काढणारे यंत्र बाजारात आणले. त्यात कागदाचा रूळ फिरे आणि खरोखरीची लेखणी सरके. त्याला रेघेची जी आज्ञा देत तीत तीन गोष्टी असत: आडवे कोठे, उभे कोठे, आणि तिसरा लेखणीचा आकडा. आकडा २ दिला तर लेखणी कागदावर टेकवून जा. ३ दिला तर लेखणी उचलून जा. म्हणजे जाणे निराळे आणि रेघ काढीत जाणे निराळे, हा भेद त्या आज्ञेत उघड लिहिलेला होता. काम करणाराला प्रत्येक पावलावर ठरवावे लागे. पुढे १९६७ साली मुलांसाठी लोगो नावाची संगणकी भाषा निघाली. तीतले कासव कागदावर चालते, आणि लेखणी वर, लेखणी खाली या आज्ञा मुले पहिल्याच दिवसांत शिकतात.

मग यंत्रे सुधारली, पडदे आले, आणि खरी लेखणी नाहीशी झाली. आता आपण शेकडो ठिपके एका दमात देतो आणि यंत्र ते जोडून टाकते. सोय झाली, पण लेखणी उचलावयाची की नाही हा प्रश्न यंत्र आपल्याला विचारीनासे झाले. तो गेला नाही, झाकला गेला. म्हणून कार्यक्रम लिहिणारांनी तो दुसऱ्या मार्गाने परत आणला. १९८६ साली निघालेल्या ग्नूप्लॉट नावाच्या कार्यक्रमात आकड्यांच्या मध्ये एक कोरी ओळ सोडली की रेघ तेथे तुटते. बोलणारा माणूस श्वास घेतो, तशी ती कोरी ओळ.

दुसरा मार्ग त्याहून खोल आहे. विल्यम कहान हे गणिती ज्यात प्रमुख होते असे संगणकी अंकगणिताचे एक प्रमाण १९८५ साली ठरले. त्यात एक चमत्कारिक मूल्य आहे. त्याचे नाव नॅन, म्हणजे 'संख्या नव्हे'. ते शून्य नाही. शून्य म्हणजे मोजले आणि काही नव्हते. नॅन म्हणजे सांगता येत नाही. त्याची एक गंमत अशी की, ते स्वतःशीसुद्धा बरोबर नसते. दोन 'माहीत नाही' एकच आहेत असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? आकड्यांच्या रांगेत हे मूल्य आले की चांगले आलेख-कार्यक्रम तेथे लेखणी उचलतात.

आमच्या मुलाने वापरला तो मॅटप्लॉटलिब नावाचा कार्यक्रम. जॉन हंटर या संशोधकाने तो लिहिला आणि २००३ साली लोकांसाठी मोकळा केला. अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूतले विजेचे संदेश पाहता यावे म्हणून त्याने हे काम आरंभले होते. एका पडद्यावर अनेक संदेशांच्या अनेक रेघा, आणि एकीचा दुसरीशी सांधा होता कामा नये. हंटर २०१२ साली तरुण वयात वारला. त्याचे साधन फुकट आहे म्हणून भंडाऱ्याच्या विडी कामगाराच्या मुलापर्यंत पोचले, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

त्या रात्री आम्ही आलेख नव्याने काढला. चारही संच वेगळे केले आणि प्रत्येकासाठी रेघेची वेगळी आज्ञा दिली. तिरप्या रेघा गेल्या. सर्व एकाच याद्यात ठेवावयाचे असते तर दोन संचांच्या मध्ये एक नॅन ठेवूनही तेच साधले असते. प्रत्येक संच आतून तारखेच्या क्रमाने लावला, कारण तारखा मागेपुढे असल्या तरी रेघ जाळ्यासारखी गुंतते. शेवटी प्रत्येक केंद्राचे गुणक वेगळे असतात हे ध्यानात ठेवून ज्याचे त्याचे गुणक लावले आणि सर्व आकडे २००१ च्या पायावर आणले. कडे नाहीसे झाले.

माझी कसोटी लागली ती यानंतर. आमच्या संघटनेची एक वही आहे. आठवडी बाजारात तेल, तूरडाळ, तांदूळ यांचे भाव आम्ही स्वतः टिपून ठेवतो. २०२० साली टाळेबंदीत बाजार बंद पडला आणि कित्येक आठवडे वही कोरी राहिली. बाजार उघडला तेव्हा भाव चढे होते. मुलाने विचारले, "काकाजी, दोन टोकं जोडू का?" मी म्हटले, जोड. रेघ सुंदर आली. एकसारखी चढण, आमच्या मागणीला अगदी सोयीची. मुलगा काही बोलला नाही. तो फक्त पडद्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्यांची रेघ खोटी होती, मंग ही?"

मित्रहो, मला लाज वाटली. बाजार बंद असताना तेल कोणत्या भावाने मिळत होते, मिळत होते की नाही, हे आमच्याजवळ लिहिलेले नव्हते. सरकारची गोष्टही फार निराळी नव्हती. एप्रिल आणि मे २०२० मध्ये भाव गोळा करणेच अवघड झाले, आणि राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ग्राहक किंमत निर्देशांकासाठी त्या महिन्यांचे आकडे अनुमानाने भरले; पण अनुमान आहे असे सांगून भरले. आम्ही तर न सांगताच भरीत होतो. घरोघरच्या संगणकावर जे हिशेबाचे तक्ते असतात तेही रिकाम्या घराविषयी हाच प्रश्न विचारतात: मोकळे सोडू, शून्य धरू, की रेघेने जोडू? शून्य धरले तर मालकाचा फायदा, जोडले तर आमचा. मोकळे सोडण्यात कोणाचाच नाही. आम्ही मोकळे सोडले.

पुढच्या बैठकीत त्याच गृहस्थांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले. "हे काय?" मी म्हटले, "तेव्हा बाजार बंद होता. भाव आमच्याजवळ नाहीत." ते क्षणभर थांबले आणि मग बाकीच्या रेघेवर त्यांनी वाद घातला नाही. त्या एका आलेखाने आम्हाला सर्व मिळाले असे मी म्हणणार नाही. बोलणी आणखी सात महिने चालली आणि मागितले त्याच्या अर्धेच पदरात पडले. पण आमचा कागद खोटा आहे असे पुन्हा कोणी म्हटले नाही.

आपण नगरवासी लोक. रोज वर्तमानपत्रात आणि पडद्यावर रेघा पाहतो. भाव, पीक, रोजगार, मतदान. दोन ठिपक्यांमधली प्रत्येक रेघ हे एक विधान असते: या दोन गोष्टी एकच आहेत, एकाच मापाने मोजल्या आहेत, आणि मधले जे आहे ते असेच असणार. हे विधान कोणी तरी जाणून केले आहे की यंत्राने सवयीने केले आहे, एवढे विचारावयास शाळा सातवीपर्यंत झालेली असली तरी पुरते. आमच्या त्या बाई तर शाळेत गेल्याच नव्हत्या, आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला होता.

नवा आलेख मी त्यांना दाखवला. मोकळ्या जागेवर बोट फिरवून त्या म्हणाल्या, "इथं दोरा तोडला वाटते." मी म्हटले, होय जी, तोडला.